जनुक बदललेले अन्न खावे की खाऊ नये?

"डॉक्टरसाहेब, हे सगळं हायब्रीड खाऊनच होतंय ना हो?" हा प्रश्न मला आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकावा लागतो. गुडघे दुखतात, केस गळतात, पाळी पुढे-मागे होते, पोरगा अंगाने भरत नाही, सगळ्यांचे कारण एकच, हायब्रीड. अलीकडे त्यात 'जीएम' हा नवा शब्द आला आहे. मोबाईलवर कोणी तरी चित्र पाठवतो, भल्यामोठ्या टोमॅटोला इंजेक्शन टोचलेले असते आणि खाली लिहिलेले असते, 'सावधान!' मग एखाद्या काकू विचारतात, "वांगी खायची की बंद करायची, ते एकदा सांगूनच टाका."

म्हणून आज हा विषय. थोडा किचकट आहे, पण वांग्याच्या भरितापासून सरकीच्या तेलापर्यंत आपल्या सगळ्यांच्या ताटाशी त्याचा संबंध येतो.

प्रथम हायब्रीडचा गोंधळ दूर करू. आमच्या भागात जुन्या मंडळींना हायब्रीड म्हटले की ज्वारीच आठवते. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, तेव्हापासून हा शब्द घराघरात गेला. संकर म्हणजे एकाच पिकाच्या दोन वाणांचा मिलाफ. एकाचे कणीस भरदार, दुसऱ्याचे धाट बुटके, दोघांचे गुण एकत्र आणायचे. यात परक्या जिवाचे काही येत नाही. चव कमी-जास्त होते, गावरान टोमॅटोचा आंबटपणा संकरितात राहत नाही, ही तक्रार खरी आहे आणि ती माझीही आहे. पण बेचव आणि अपायकारक हे दोन वेगळे शब्द आहेत.

जनुक बदललेले पीक ही निराळी गोष्ट. प्रत्येक जिवाच्या पेशीत जनुके असतात. एक जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे बनवायचे याची लेखी आज्ञाच समजा. शास्त्रज्ञ एका जिवाच्या पेशीतली ही आज्ञा काढून दुसऱ्याच्या पेशीत बसवतात, मग ते दोन जीव एकमेकांचे नातलग असोत वा नसोत. जंतूची आज्ञा वनस्पतीत, माणसाची आज्ञा जंतूत. ऐकताना अंगावर शहारा येतो खरा. पण मधुमेहाचे जे रुग्ण रोज सकाळ-संध्याकाळ ह्यूमन इन्सुलिनचे इंजेक्शन घेतात, ते याच विद्येचे फळ आहे. माणसाचे इन्सुलिनचे जनुक जंतूत बसवून बनवलेले हे औषध १९८२ मध्ये बाजारात आले. त्याआधी डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन टोचावे लागे. कावीळ 'ब'ची लस यीस्टमध्ये अशाच रीतीने तयार होते, आणि आपल्या देशात ती हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये आणली. तेव्हा ही विद्याच मुळात पापी आहे, असे मी तरी म्हणू शकत नाही. औषध पोटात वा रक्तात चालते म्हणून अन्नही आपोआप निर्धोक ठरते, असेही नाही. प्रत्येक पदार्थाची परीक्षा वेगळी.

आता आपल्या ताटात काय आहे ते पाहू. भारतात शेतात लावायला आणि विकायला परवानगी मिळालेले जनुक बदललेले पीक एकच, बीटी कापूस. परवानगी मार्च २००२ ची. बाजारातले कलिंगड, पपई, टोमॅटो, भेंडी, केळी यांतले काहीही आपल्याकडे अधिकृतपणे जीएम नाही. बिनबियांची द्राक्षे जीएम नाहीत. सोयाबीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यात पिकते ते जीएम नाही.

"कापूस काय, आपण थोडाच खातो!" असे एक शिक्षक मला म्हणाले होते. खातो, गुरुजी, खातो. सरकीचे तेल कोण खाते? फरसाण, वनस्पती तूप, हॉटेलातली भजी यांत ते सर्रास असते. देशातला बहुतेक कापूस आता बीटी आहे, म्हणजे सरकीही बीटीच. शिवाय अर्जेंटिना, ब्राझीलमधून जे सोयाबीनचे तेल जहाजे भरभरून येते, तिथले सोयाबीन जवळजवळ सगळे जीएम आहे. म्हणजे खावे की खाऊ नये हा वाद आपण घालत बसलो आहोत आणि जेवण केव्हाच सुरू झाले आहे.

घाबरू नका. बदललेले जनुक जे काही नवे बनवते ते प्रथिन असते, आणि तेलात प्रथिन नसते. गाळून, तापवून, शुद्ध करून पाकिटात भरलेल्या रिफाइंड तेलात ना ते प्रथिन उरते, ना जनुक म्हणावे असे काही. सरकीच्या तेलाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. तेच ते तेल कढईत काळे होईपर्यंत उकळवतात ती. तेलाचे जनुक तपासायला आलेल्यांनी आधी आमच्या बसस्टँडवरची कढई पाहावी.

खरा प्रश्न उभा राहतो ते पीक जसेच्या तसे खाताना. वांग्याचे उदाहरण घेऊ, कारण त्याचा इतिहास आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला आहे. वांग्याचा शेंडा आणि फळ पोखरणारी अळी शेतकऱ्याला किती छळते हे सांगायला नको. जालन्याच्या महिको कंपनीने मातीतल्या 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' या जंतूचे एक जनुक वांग्यात बसवले. या लांबलचक नावाची आद्याक्षरे म्हणजेच बीटी. अळीने ते वांगे खाल्ले की तिच्या आतड्यात हे प्रथिन जागे होते, आतड्याच्या अस्तराला चिकटते, भोके पाडते आणि अळी मरते.

"अळी मरते तर माणूस कसा वाचेल?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, अगदी रास्त आहे. उत्तर असे की, अळीचे आतडे अल्कलीयुक्त असते आणि त्यात या प्रथिनाला चिकटायला ठराविक जागा असतात. आपल्या जठरात आम्ल असते. त्यात हे प्रथिन डाळीच्या प्रथिनासारखे तुकडे होऊन पचते, आणि चिकटण्याची ती जागा माणसाच्या आतड्यात नसते. याच जंतूची भुकटी सेंद्रिय शेती करणारेही पिकावर फवारतात. आणि जनुक म्हणाल तर वांग्याची स्वतःची हजारो जनुके आपण घासागणिक गिळतो. पिढ्यान्‌पिढ्या वांगी खाऊन अजून कोणाच्या डोक्यावर देठ उगवलेला नाही.

डॉक्टर म्हणून मला जी शंका महत्त्वाची वाटते ती ॲलर्जीची. अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, दम लागणे, हे सारे बहुधा एखाद्या प्रथिनामुळेच होते. नवे जनुक म्हणजे नवे प्रथिन, तेव्हा ही शंका काल्पनिक नाही. अमेरिकेत एका कंपनीने सोयाबीन अधिक पौष्टिक करण्यासाठी त्यात ब्राझील नट या कवचफळाचे जनुक घातले होते. ज्यांना त्या फळाची ॲलर्जी आहे अशा लोकांच्या रक्तावर हे सोयाबीन तपासले, तेव्हा तेही तशीच ॲलर्जी करणार असे दिसले. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. जीएमचे विरोधक ही गोष्ट 'पाहा, धोका आहे' म्हणून सांगतात, समर्थक 'पाहा, तपासणी चालते' म्हणून सांगतात. दोघेही बरोबर आहेत. म्हणूनच 'जीएम चांगले की वाईट' असे घाऊक उत्तर देता येत नाही.

दुसरी गोष्ट २००० सालची, तिथलीच. स्टारलिंक नावाचा मका फक्त जनावरांच्या खाद्यासाठी मंजूर होता, कारण त्यातले प्रथिन लवकर पचत नव्हते आणि ॲलर्जीची शंका फिटली नव्हती. तरी तो माणसांच्या खाण्यात शिरला. दुकानांतून माल परत बोलवावा लागला. आपल्याला त्रास झाला असे सांगणाऱ्या २८ जणांचे रक्त सरकारी तज्ज्ञांनी तपासले, त्यात त्या मक्याच्या ॲलर्जीचा पुरावा सापडला नाही. निकाल चांगला लागला, पण मला त्यातली पहिली गोष्ट जास्त खटकते. जनावरांचा मका आणि माणसांचा मका गोदामात वेगळे ठेवणे अमेरिकेला जमले नाही. आपल्या मार्केट यार्डात ते जमेल, असे ज्याला वाटते त्याने एकदा हंगामात यार्डात चक्कर मारून यावी.

आता मोबाईलवर फिरणाऱ्या त्या उंदरांच्या चित्राविषयी. अंगावर मोठमोठ्या गाठी आलेले ते उंदीर फ्रान्समधल्या २०१२ च्या एका प्रयोगातले आहेत. त्यांना दोन वर्षे जीएम मका खाऊ घातला होता. पण उंदरांची ती जातच अशी की, वय झाले की काहीही खाल्ले तरी तिला गाठी येतात, आणि प्रत्येक गटात नर दहा आणि माद्या दहाच. एवढ्या थोड्या उंदरांवरून मक्याला दोषी ठरवता येत नाही. ज्या नियतकालिकाने तो निबंध छापला त्यानेच २०१३ मध्ये तो मागे घेतला. पुढच्या वर्षी तो दुसरीकडे पुन्हा छापून आला, पण उंदीर तेच आणि आकडेही तेच. चित्र मात्र अजून फिरतेच आहे. चित्राला मागे घेण्याची सोय नसते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये एक मोठा अहवाल काढला. अमेरिका-कॅनडातले लोक १९९० च्या दशकाच्या मध्यापासून जीएम मका-सोयाबीन खात आहेत, इंग्लंड आणि पश्चिम युरोपातले लोक फारसे खात नाहीत. दोन्हीकडे कर्करोग, मधुमेह, लठ्ठपणा, मूत्रपिंडाचे विकार यांची चाल ताडून पाहिली, तर जीएममुळे फरक पडला असे दिसले नाही. आज बाजारात असलेले जीएम अन्न खाऊन आजार होतो याला पुरावा नाही, असे मी म्हणतो ते यावरून. भिस्त कंपनीच्या माहितीपत्रकावर ठेवलेली नाही.

आणखी एक शंका सुशिक्षित वाचक विचारतात. जनुक नीट बसले की नाही हे ओळखण्यासाठी वांग्यात कॅनामायसिनसारख्या अँटिबायोटिकला दाद न देणारे जनुकही खुणेसाठी घातले होते. ते आपल्या पोटातल्या जंतूंत शिरले तर? असे होण्याची शक्यता फार थोडी आहे, तरी नव्या वाणांत ही खूण टाळावी ही सूचना योग्यच. पण हे विचारणाऱ्या गृहस्थांच्या खिशात त्याच वेळी मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेल्या चार गोळ्या होत्या, सर्दीसाठी! जंतूंना निर्ढावायला वांग्याची गरज नाही, आपण समर्थ आहोत.

मग सगळे आलबेल आहे का? तसे मला वाटत नाही, आणि माझी हरकत कुठे आहे ती स्पष्ट सांगतो.

बीटी वांग्याला सरकारी समितीने १४ ऑक्टोबर २००९ ला मंजुरी दिली. देशभर गदारोळ झाला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यांत एक आपल्या नागपूरला झाली. शेवटी ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी मंजुरी स्थगित केली. तपासण्या मुख्यतः ज्या कंपनीचे वांगे तिच्याच पैशाने झालेल्या, उंदरांवरच्या चाचण्या ९० दिवसांच्या, आणि सगळी कागदपत्रे लोकांसमोर यायला न्यायालयापर्यंत जावे लागले. परीक्षार्थ्यानेच पेपर तपासल्यासारखे हे झाले. त्याच वर्षी देशातल्या सहा नामवंत विज्ञान अकादमींनी जीएम पिकांवर अहवाल दिला, तर त्यात एका समर्थकाच्या लेखातले उतारे जसेच्या तसे उतरवलेले निघाले आणि तो दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागला. लोकांचा विश्वास उडतो तो अशा गोष्टींनी. त्यांना विज्ञान कळत नाही म्हणून उडतो, असे म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही.

म्हणून ती स्थगिती मला तेव्हा योग्य वाटली. पण स्वतंत्र, सरकारी खर्चाने, उघडपणे चाचण्या करायच्या आणि मग हो किंवा नाही म्हणायचे, हा स्थगितीचा हेतू असतो. दीड दशक नुसते बसून राहणे ही सावधगिरी नव्हे. शेजारच्या बांगलादेशाने हेच वांगे २०१३ मध्ये मंजूर केले आणि २०१४ पासून तिथले शेतकरी ते लावत आहेत. तिथे वांग्यावरच्या फवारण्या कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले. आपल्याकडे २०१९ मध्ये हरियाणात एका शेतात ते चोरून लावलेले सापडले. दाराने येऊ दिले नाही की वस्तू खिडकीतून येते, आणि मग तिची तपासणीही होत नाही. तणनाशक सोसणारा बिनपरवाना कापूस असाच पसरला. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी तो जाहीरपणे लावला. त्यावर जे ग्लायफोसेट मारतात त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले. युरोप-अमेरिकेच्या नियामकांना ते पटले नाही. वाद चालू आहे, आणि पंप पाठीवर घेणारा आपला माणूस मात्र उघड्या अंगानेच मारतो आहे.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा हा आहे. बीटी नसलेले वांगे म्हणजे शुद्ध वांगे, असा जो समज आहे तो शेतावर जाऊन पाहावा. अळीसाठी आठवड्याला एक-दोन फवारण्या होतात, एकात तीन औषधे मिसळून होतात, आणि आज फवारलेले वांगे उद्या-परवा बाजारात येते. जनुकाची भीती बाळगणारे आपण हे निमूट खातो. आणि खाणाऱ्यापेक्षा फवारणाऱ्याचे हाल अधिक. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. तो कापूस बीटीच होता. बोंडअळीसाठी फवारावे लागू नये म्हणून बीटी आणला, सुरुवातीला फवारण्या घटल्याही. पण बीटी रसशोषक किडींवर चालत नाही, आणि शेंदरी बोंडअळी तर त्याला पुरती सरावली. मग पुन्हा पंप पाठीवर. बियाणे विकताना हे कोणी पाकिटावर छापत नाही.

म्हणून वाचकांनो, घरात कोणी फवारणी करत असेल तर हे लक्षात ठेवा. वारा अंगावर येत असताना फवारू नये, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला फडके हवे, मध्येच तंबाखू मळू नये, औषधे आपल्या मनाने एकत्र करू नयेत. फवारून आलेल्या माणसाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, मळमळ, अंधुक दिसणे, अंगाची थरथर यांपैकी काही झाले तर आधी कपडे उतरवून साबणाने अंग धुवावे आणि लगेच दवाखाना गाठावा, औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल बरोबर घेऊन. "उन्ह लागलं असेल" म्हणून लिंबूपाणी पाजत बसू नये. वेळेत ॲट्रोपिन मिळाले तर माणूस वाचतो.

भाजीबाबत इतकेच, वांगी, भेंडी, फ्लॉवर वाहत्या पाण्यात चोळून धुवावी, मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवली तरी चालेल. वरचे औषध निघते, आत मुरलेले निघत नाही.

आता मोहरीचे. दिल्ली विद्यापीठात तयार झालेल्या जीएम मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते वेगवेगळी पडली. आपल्याकडे मोहरी फोडणीपुरतीच, म्हणून यावर अधिक लिहीत नाही. फक्त एवढी आठवण देतो की १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलाने माणसे अंगावर सूज येऊन दगावली, त्यात जनुकाचा काही संबंध नव्हता. त्यात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांची भेसळ होती, आणि पिवळा धोतरा हे अगदी अस्सल निसर्गदत्त झाड आहे.

माझे मत विचाराल तर, स्वतंत्र चाचण्या झालेले बीटी वांगे उद्या बाजारात आले तर मी त्याचे भरीत खाईन. पण माझ्या शेजाऱ्याला ते नको असेल, तर नको म्हणण्याचा हक्क त्याला हवा, आणि त्यासाठी पाकिटावर लिहिलेले हवे. जीएम पदार्थाच्या पाकिटावर ठळक 'जीएम' छापावे, असा वजनमापे कायद्याखाली १ जानेवारी २०१३ पासून नियम झाला. मी मध्यंतरी किराणा दुकानात उभे राहून दहा-बारा तेलाच्या पाकिटांवरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचली. हृदयाचे चित्र बहुतेकांवर होते. 'जीएम' एकावरही नव्हते. सुट्या वांग्याला तर पाकीटच नसते. तिथे हा हक्क कसा सांभाळायचा, याचा विचार मंजुरीच्या आधी व्हायला हवा.

शेवटी एका वाचकांनी पत्राने विचारलेला प्रश्न. सरकीची ढेप खाणाऱ्या म्हशीचे दूध लहान बाळाला द्यावे का? कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत गाईंना बीटी सरकी खाऊ घालून त्यांचे दूध तपासले, त्यात बीटीचे प्रथिन आढळले नाही. तेव्हा या कारणासाठी दूध बंद करू नये, ते नीट उकळून वापरावे. मात्र बाळ वर्षाच्या आतले असेल तर म्हशीचे काय आणि गाईचे काय, वरचे दूध नकोच, पहिले सहा महिने आईचे दूध पुरते आणि नंतर त्याच्या जोडीला घरचे मऊ जेवण. ढेपेचा त्रास होतो तो लहान वासरांना. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य मुळातच असते, बीटी येण्याच्या कितीतरी आधीपासून. मोठ्या जनावराच्या पोटात ते बऱ्यापैकी निकामी होते, कोवळ्या वासराला सोसत नाही. म्हणून रवंथ नीट सुरू होईपर्यंत त्याला सरकीची ढेप घालू नये, आणि पुढे किती घालावी हे जनावरांच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.